सुदाम, एक पाय मोजायचा राहिला

सुदाम, आज सकाळी मैदानावर माझ्याशी कोणी भांडलं नाही.

पाच वाजता पोरं आली, रांगेत उभी राहिली, मी सांगितले तेवढे फेरे पळाली. मी मुद्दामच दोन फेरे जास्त सांगितले. तू असतास तर लिंबाखालच्या दगडावरून ओरडला असतास, "ए उस्ताद, कोन्या जन्माचं वैर काढून राह्यलास पोरांवर?" आज दगडावर कोणी नव्हतं. पोरं मुकाट पळत राहिली, मलाच कसंतरी झालं आणि शेवटचा फेरा मी मध्येच थांबवला. त्यांना वाटलं उस्तादांची तब्येत बरी नाही.

तू जाऊन सोळा दिवस झाले. तेरावा उरकला त्याला तीन. लोक विचारतात, "करमत न्हाई का उस्ताद?" मी म्हणतो, न करमायला काय झालं. आपल्या दोघांचं सगळं आयुष्य एकाच भांडणात गेलं आणि ते भांडण अर्धं ठेवून तू निघून गेलास. आता या वयात नवं भांडण मी कोणाशी सुरू करू? तेवढी ओळख व्हायलाच तीस वर्षं लागतात.

आपण एका गावचे, पण दोस्ती गावातली नव्हे. तुझे वडील मेंढरं राखायचे. कापूस निघाला की कळप आमच्या रानात बसायला यायचा आणि तू बांधावर काठी घेऊन उभा असायचास. शाळेतही आपण फारसं बोललो नाही. पुढं दोघंही फौजेत गेलो, मी पायदळात आणि तू मेडिकलमध्ये, आणि बारा वर्षांनी एका ट्रेनिंग सेंटरात समोरासमोर आलो. मी रंगरुटांना पीटी शिकवणारा उस्ताद, तू तिथल्या दवाखान्यातला हवालदार. वाटूर फाट्याच्या पलीकडच्या गावचा माणूस इतक्या लांब भेटला म्हणून मी तुला मिठी मारली. दुसऱ्याच दिवशी तुझ्यावर धावून गेलो.

कारण तुझ्या चिठ्ठ्या. मी पोरांना पहाटे रगडायचो आणि दिवस उजाडला की त्यांतले चार-सहा लंगडत तुझ्या दारात. तू चिठ्ठी लिहून द्यायचास, "सात दिवस पीटी माफ". माझी तुकडी कागदावर लंगडी दिसायला लागली. मी दवाखान्यात शिरलो तेव्हा तू एका रंगरुटाला बाकावर बसवलं होतंस. माझी बडबड तू पुरी होऊ दिलीस. मग त्याच्या नडगीवर अंगठा ठेवलास आणि मला म्हणालास, "पायाकडं नको, तोंडाकडं बघ त्याच्या." तू हळूच दाबलंस. पोरानं शर्टाची बाही दातात धरली.

"हाडाला तडा जायच्या बेतात हाय," तू म्हणालास. "आज थांबला तर आठ दिवसांत पळंल. न्हाई थांबला तर चार महिने पलस्तर. आन् मंग मागल्या तुकडीत जाऊन बिलकुल पहिल्यापासून. सरकारचा खर्चा दुप्पट, आन् पोराचं मन मरतं ते येगळंच."

"आन् बाकीच्यांचं काय?" मी म्हणालो. "पाच जणांच्या नडग्या नाजूक, म्हणून पस्तीस जणांनी बसून राहायचं? त्यांचे दिवस कोण भरून देणार? उद्या डोंगरावर त्यांचा दम तुटला तर कोणाच्या नावावर लिहिशील?"

मला वाटलं तू चिडशील. तू म्हणालास, "ह्ये बराबर हाय," आणि खिशातून वही काढून माझं बोलणं लिहून घेतलंस. तुझी ती खोड मला अखेरपर्यंत पचली नाही. वहीच्या डाव्या पानावर कोणाचा कोणता पाय, किती दिवस गेले. उजव्या पानावर आरामाचा तोटा, म्हणजे मी ओरडून ओरडून सांगायचो ते सगळं. माझी बाजू माझ्यापेक्षा नीट तू मांडायचास. एकदा तर मी भांडायचं विसरलो तेव्हा तूच आठवण करून दिलीस की पावसाळ्यात मैदान बंद असतं, ते दिवसही आरामाच्या दिवसांत धरले पाहिजेत, नाहीतर माझ्यावर अन्याय होईल. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तुझी सगळी विद्या बापाकडून आलेली. कळप घेऊन निघालं की तीन दिवस चाल आणि चौथ्या दिवशी तळ. सगळी मेंढरं धडधाकट दिसत असली, पुढं चारा दिसत असला, तरी चौथ्या दिवशी तळ. लंगडं पडल्यावर थांबून उपयोग नसतो, त्याच्या आधी थांबायचं असतं, असं ते म्हणायचे. तू म्हणालास, रंगरुटांनाही आठवड्याच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी, पळवू नका, पहिले सहा आठवडे अंतर हळूहळू वाढवा आणि डांबरावर नको, मातीवर पळवा. मी लंगरात, साऱ्या जेवणाऱ्यांसमोर हसं केलं तुझं. "आमच्या सुदामला रंगरूट म्हंजे मेंढरंच वाटून राह्यले," म्हणालो. तूही हसलास. म्हणालास, "हाड सगळ्यांचं सारखंच असतं रे."

तेव्हा एक मेजरसाहेब होते, भले माणूस. तुझी वही त्यांनी पानन् पान वाचली. ते म्हणाले, तुझं म्हणणं पटतं, पण आठवड्यातला एक दिवस पळणं बंद केलं तर वरचे मला जाब विचारतील. आराम सगळ्यांना दिसतो, वाचलेला पाय कोणाला दिसत नाही. एकसारखी दोन टोळकी घे, दोन रीतींनी तयार कर आणि फरक दाखव. सेंटरात तसं करायला तुला कोण देणार होतं? पुढं साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी पत्ता दिला आणि कधीही लिही म्हणाले. तो पत्ता तू पेन्शनच्या कागदांबरोबर गावी आणलास.

मी तुझ्याआधी दोन वर्षं घरी आलो होतो. गावात भरतीचं वेड होतंच, माझ्या येण्यानं वाढलं. मंठ्याच्या रस्त्यावर भल्या सकाळी पोरांना घेऊन मी पळायचो. एस.टी.चे ड्रायव्हर हॉर्न वाजवून सलाम करायचे. खरं सांगतो, पेन्शनीत आल्यावर माणसाला कोणी विचारत नाही, आणि मला ती पोरं विचारत होती. तू आलास आणि तिसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कडेला वही घेऊन हजर. मी म्हणालो, "इथं तरी पिच्छा सोड." तू म्हणालास, "इथंच तर जमंल. इथं तुला न् मला इचारणारा कोण हाय?"

आणि जमलं. चोवीस पोरं होती. तू टोपीत चिठ्ठ्या टाकल्यास, म्हणजे चांगली पोरं कोणी निवडून घेतली असं व्हायला नको. बारा माझ्याकडं आले, बारा तुझ्याकडं. माझे डांबरावर, रोज, माझ्या रगड्यानं. तुझे नदीकाठच्या मातीत, चौथ्या दिवशी तळ. भरतीच्या दिवशी मोजायचं होतं, कोणाचे किती जण धड पायांनी मैदानात उतरले, किती निवड होऊन निघाले, किती दिवस वाया गेले. नियम तूच लिहिलेस. त्यातला एक असा की जो स्वतःहून भरतीचा नाद सोडून जाईल तो कोणाच्याच हिशोबात धरायचा नाही. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याची रीत घ्यायची आणि निकाल साहेबांना कळवायचा. फाट्यावरच्या हॉटेलात आपण दोघांनी त्याखाली सह्या केल्या. तो चहा तू पाजला होतास. तुझा हात सैल सुटलेला मी आयुष्यात तेवढाच पाहिला.

ते सात महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. मला जिंकायचं होतं. तुला खरं काय ते बघायचं होतं, आणि हा फरक मला तेव्हा कळत होता हे मी आज कबूल करतो.

आता कैलासचं.

कैलास माझ्या बारांमधला सगळ्यात तेज. एकोणीस वर्षांचा, अंगानं काटक, पळायला लागला की मागं वळून न बघणारा. सोळाशे मीटर तो ज्या वेळात काढायचा त्यात माझे बाकीचे बाराशेच काढायचे. भरती महिन्यावर आली असताना तो मला म्हणाला, "उस्ताद, डावी नडगी दुखून राह्यली. रात्री लई ठणकती." मी पट्टी बांधली आणि म्हणालो, पळताना मोकळी होते. चार दिवसांनी पुन्हा म्हणाला. मी पट्टी घट्ट केली. सुदाम, मी त्याच्या नडगीवर अंगठा ठेवला होता. तू शिकवलंस तसाच ठेवला, तोंडाकडं बघितलं आणि मला जे दिसायचं ते दिसलं. तरी मी त्याला दुसऱ्या दिवशी पळवलं. आठ-दहा दिवस थांबवलं असतं तर कदाचित भरतीलाही उभा राहिला असता. पण माझ्या बाजूला वाया गेलेले दिवस लिहिले गेले असते.

पुलाच्या अलीकडं तो बसला, तो उठलाच नाही. आवाज आला होता, असं त्याच्या मागचा पोरगा म्हणाला. मी त्याला आणि बाकीच्या पोरांनाही दम भरला. ओळखीच्या जीपवाल्याला थांबवलं, कैलासला तालुक्याला नेलं, पलस्तर घातलं आणि तिथूनच परस्पर त्याच्या मामाकडं, अंकुशनगरला पोचवलं. मामा तिथल्या साखर कारखान्यात होते. कैलासच्या आईला सांगितलं, भरतीआधी पोराला नजर नको लागायला, गावात बोलू नका. तुला येऊन सांगितलं, "कैलास गेला मामाकडं. कारखान्यात चिकटतो म्हन्ला. भरतीचा नाद सोडला त्यानं."

तू माझ्याकडं बघितलंस. "पाय-बिय दुखत न्हवता ना त्याचा?"

"न्हाई."

"इतका चांगला पळनारा, असाच कसा सोडून गेला?"

"आता पोरांचं मन आपुन कसं ओळखावं?" मी म्हणालो.

तू वहीत त्याच्या नावावर एक बारीक रेघ मारलीस. त्याच आठवड्यात तुझ्या बारांमधला एक जण सायकलवरून पडून पाय मुरगळून बसला. मी म्हणालो, हा काय पळताना पडला नाही, याला धरू नको. तू म्हणालास, "पळून थकला व्हता म्हनून तोल गेला असंल, कुनी सांगावं? लिवतो." आणि लिहिलास. मी तिथं उभा राहून ते बघितलं.

भरती झाली. निकाल बराबरीचा आला. निघालेले सारखे, जायबंदी सारखे. उलट तुझा एक पोरगा दोन सेकंदांनी राहिला आणि त्याचा बाप गावभर सांगत सुटला की चौथ्या दिवसाच्या आरामानं माझ्या पोराचं वाटोळं केलं. तू त्याच्या घरी जाऊन दोन तास बसलास आणि त्याच्याशी वाद घातला नाहीस. मग माझ्याकडं आलास, वही पुढं केलीस आणि म्हणालास, "घे, बघ. तुझ्या रगड्याचा तोटा दिसत न्हाई, माझ्या तळाचा फायदा दिसत न्हाई. मंग लोकाच्या पोरांचे दिवस मी कामून घेऊ?"

एका पायाचा फरक होता, सुदाम. एकच. कैलासला माझ्या बाजूला लिहिलं असतं तर बराबरी झाली नसती. एका पायावरून काही सिद्ध होत नाही, हेही तूच म्हणाला असतास, आणि पुढच्या वर्षी पुन्हा टोपी काढली असतीस. पण तुला वाटलं, इतकी वर्षं मनात धरलं ते चुकीचं होतं. तू साहेबांना पत्र लिहिलंस की मोजून बघितलं, फरक आढळला नाही. ते टाकायला तू मला बरोबर नेलंस. मी पेटीच्या शेजारी उभा राहून तुझ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होतो.

त्या पत्रानं काय झालं मला माहीत नाही. कदाचित साहेबांनी ते वाचून बाजूला ठेवलं असेल. कदाचित त्यांच्या हाताखालच्या मैदानावर चौथा दिवस सुरू व्हायचा होता, तो झाला नसेल. त्यापुढं कोणकोण पोरं पुलाच्या अलीकडं बसली असतील, हे मोजायला माझ्याकडं काही साधन नाही. तू असतास तर काहीतरी रीत काढली असतीस.

त्यानंतर तू वाद घालणं सोडलंस, असं लोकांना वाटतं. सकाळी पट्ट्यांची पिशवी आणि पाण्याचा घडा घेऊन लिंबाखाली बसायचास, कोणी लंगडला की हाक मारायचास. ओरडायचास ते उगाच, चेष्टेत. तुझ्या ओरडण्यात पहिला जोर नव्हता. ते माझ्याशिवाय कोणाला ओळखू आलं नसेल.

दोन वर्षांनी मी गुरुवारचं पळणं बंद केलं. सांगितलं की बाजाराचा दिवस, पोरं येत नाहीत. मग रस्त्यावर टेम्पो वाढले म्हणून मैदान मातीत हलवलं. मग नव्या पोरांना महिनाभर निम्मंच अंतर, कारण म्हणे हल्लीची पोरं लाडावलेली. दर वेळी मी नवीन कारण काढलं आणि एकेक करून तुझी सगळी रीत घेतली. तू सगळं बघत होतास. एकदा म्हणालास, "बाजार लई मानवला रे पोरांच्या पायांला." मी म्हणालो, भाजीपाला खातात म्हणून असेल. तू एवढा हसलास की तुला ठसका लागला. त्या हसण्याच्या भरात मी सांगून टाकायला हवं होतं. मी तुझ्या पाठीवर थापट्या मारल्या आणि पाणी आणून दिलं.

पोरांचे पाय मोडायचे कमी झाले, हे मला दिसत होतं. पण लिहिणारा तू लिहायचा थांबला होतास. ज्याचं काही मोडलंच नाही तो पोरगा धन्यवाद म्हणायला येत नाही, त्याला ठाऊकच नसतं.

माझी बायको गेली तेव्हा महिनाभर तू रोज सकाळी दोन पेले चहा घेऊन आलास. तुझा चहा, म्हणजे नुसतं साखरेचं पाणी. एक शब्द सांत्वनाचा नाही. बसायचास आणि कुरापत काढायचास, बूट चांगले की अनवाणी चांगलं, उठाबशा आधी की पळणं आधी. मी तणतणायचो. तणतणता तणतणता चहा संपायचा, मग भाकरही खाल्ली जायची. घरातल्या पोरीबाळी म्हणायच्या, सुदामकाकांना काही पोच नाही, दुःखाच्या घरी येऊन भांडतात. मला तेव्हा तुझा रागच यायचा. त्या महिन्यात मी जगलो ते त्या रागावर, हे तुला सांगायचं होतं. ते राहिलं, त्याबद्दल वाईट वाटतं, पण तुला ते माहीत असणार.

दुसरं जे राहिलं ते तुला माहीत नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. छातीला तारा चिकटवलेल्या. नर्सबाईंना तू समजावत होतास की सुई कशी धरावी, आणि त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. आपण इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मग एकदम तू विचारलंस, "कैलास काय करून राह्यला रे आजकाल?"

"कारखान्यातच हाय," मी म्हणालो. "वजनकाट्यावर. बरा हाय. दोन लेकरं झाली. गावाकडं येनं व्हत न्हाई त्याचं."

"लई चांगला पळायचा."

"हो."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, आता सांगावं. मी खुर्ची पुढं ओढली. "सुदाम, त्या वेळी..." इतकं म्हणालो. तेवढ्यात डॉक्टर आले, भेटायची वेळ संपली म्हणाले. मी उद्या येतो म्हणून निघालो. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, सांगायचं एक दिवस लांबलं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालत असताना तुझ्या जावयाचा फोन आला.

म्हणून मी तेराव्याला बोललो. तुझ्या अंगणात मांडव होता. रजेवर आलेले सात-आठ जण होते, केस बारीक, पाठी ताठ. त्यातले कोण तुझ्या बारांमधले आणि कोण माझ्या, मला आता ओळखता येईना. सरपंच म्हणाले, उस्ताद, दोन शब्द बोला. लोकांना वाटलं, मी तुझ्या स्वभावाबद्दल बोलेन.

मी उभा राहून सगळं सांगितलं. टोपी, चिठ्ठ्या, नडगीवरचा अंगठा, जीप, मामाचं घर. मी म्हणालो, सुदाम हरला नव्हता, त्याला हरवलं होतं, खोटं बोलून. पत्र चुकीचं गेलं ते माझ्यामुळं. मला वाटलं होतं मांडव उठेल. कोणीतरी म्हणेल, शरम नाही वाटली का? निदान तुझा जावई तरी.

मग मागून एक जण म्हणाला, "जाऊ द्या उस्ताद. लई वर्सं झाली." रजेवरचा एक सुभेदार उठून माझ्या पाया पडला. म्हणाला, "तुमच्या रगड्यामुळंच आमी घडलो." कोणाच्या तरी बाईनं डोळ्याला पदर लावला, उस्ताद किती खऱ्या मनाचे म्हणून.

मी कैलासकडं बघितलं. तो खांबाशी बसला होता, डावा पाय लांब करून. त्याला तो पाय अजून मांडीत घेता येत नाही. मी त्याच्यापाशी गेलो आणि म्हणालो, तू तरी बोल काही. तो उठायला लागला, मी त्याला बसवलं.

"माझं काय न्हाई उस्ताद," तो म्हणाला. "कारखान्यात हाय ते बरंच हाय. फौजेत गेलो असतो तर कुठं असतो, काय ठावं. तुमी माझ्या भल्यासाठीच पळवलं ना?"

"न्हाई रे," मी म्हणालो. "तुझ्या भल्यासाठी न्हाई. जिंकायचं व्हतं मला."

तो हसला. मोठ्या माणसाच्या चेष्टेला हसतात तसा. तुझी बायको पंक्तीच्या टोकाकडून म्हणाली, "भावजी, पान वाढलंय, आधी जेवून घ्या." आणि सगळे उठले.

सगळ्यांनी मला माफ करून टाकलं, सुदाम. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. बारातला एक पाय लिहायचा राहिला, एवढंच त्यांना ऐकू आलं. एवढ्यानं काय होतं हे ज्याला कळलं असतं असा त्या गावात एकच माणूस होता.

तू असतास तर ताटावरून उठला असतास. मला शिव्या दिल्या असत्यास, आईबापावरून दिल्या असत्यास. महिना-दोन महिने तोंड बघितलं नसतंस, मी दारात आलो असतो तर दार लावून घेतलं असतंस. मग एक दिवस मैदानावर येऊन म्हणाला असतास, चल, पुन्हा पहिल्यापासून मोजू. या सगळ्याच्या भीतीनं मी इतकी वर्षं गप्प बसलो.

मी पानावर बसलो. पुरण होतं, तुपाची धार होती. वाढणारे आग्रह करत होते, मी नको म्हणालो नाही. शेजारचा सुभेदार मला त्याच्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगत होता. मी पोटभर जेवलो, सुदाम, आणि कोणी मला उठवलं नाही.